व्होलाटाइल : उडून जाणाऱ्या वस्तूंचा शब्द

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी देवघराच्या फडताळात कापराची एक पितळी डबी असे, आणि तिच्यात कापराच्या वड्यांबरोबर चार-सहा काळे मिरे टाकलेले असत. आरती आटोपली की आई न चुकता सांगे, "झाकण लाव रे, कापूर उडून जाईल." मिऱ्यांमुळे कापूर टिकतो अशी समजूत घरोघर आहे, खरे काम मात्र घट्ट झाकणाचे असते. पुढे रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर 'व्होलाटाइल' हा इंग्रजी शब्द आणि त्याच्यासमोर 'बाष्पनशील' हा मराठी प्रतिशब्द लिहिला गेला, तेव्हा तो मी पाठ केला. परंतु त्या इंग्रजी शब्दाचा अगदी अक्षरशः अर्थ आईच्या वाक्यात आधीच येऊन गेला होता, हे लक्षात यायला मला बरीच वर्षे लागली.

आज हा शब्द बडोद्यासारख्या शहरात कोणत्याही कोपऱ्यावर कानावर पडतो. शेजारच्या कोयलीच्या तेल रिफायनरीत नोकरी केलेली माणसे तो पेट्रोलविषयी वापरतात, शेअरबाजारात पैसे गुंतवणारे तो भावांविषयी वापरतात, संगणकाचे काम करणारे मेमरीविषयी, आणि वर्तमानपत्रे एखाद्या गावातल्या तणावाविषयी. शब्दकोश उघडावा तर अस्थिर, चंचल, बाष्पनशील, क्षणिक, स्फोटक असे पाच-सहा अर्थ एका ओळीत उभे असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोश सांगत नाही. तो संबंध उलगडण्याची किल्ली शब्दाच्या जन्मात आहे. 'व्होलाटाइल' म्हणजे मुळात 'बदलणारे' असे नसून 'उडणारे' असे आहे. म्हणून हा शब्द जिथे जिथे भेटेल तिथे दोन प्रश्न विचारावेत: इथे उडते आहे ते काय, आणि त्याला धरून ठेवणारे झाकण कोणते? बहुतेक ठिकाणी एवढ्याने अर्थ आपोआप उघडतो. जिथे उघडत नाही, ती ठिकाणेही पाहण्यासारखी आहेत.

लॅटिन भाषेत 'व्होलारे' म्हणजे उडणे. त्यावरून 'व्होलातिलिस' हे विशेषण झाले आणि त्याचा अर्थ पंख असलेले, उडणारे, आणि लक्षणेने झटकन निघून जाणारे असा होता. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत उतरला तो आधी चक्क पाखरांचे नाव म्हणून. मध्ययुगीन इंग्रजीत 'व्होलाटिल' म्हणजे पक्षी, विशेषतः खाण्याचे पक्षी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने लिहिलेल्या एका कथेत एक साधू आपल्या व्यापारी स्नेह्याच्या घरी येताना मद्याबरोबर 'व्होलाटिल'ही घेऊन येतो. ते काही अस्थिर द्रव्य नव्हते, ती मेजवानीसाठी आणलेली पाखरे होती. त्याच शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी बायबलमध्येही लग्नाच्या जेवणासाठी कापलेल्या पक्ष्यांना हाच शब्द आहे. आज एखाद्या इंग्रज वाचकाला हे सांगितले तर त्याला हसू येईल, कारण त्याच्या शब्दातले पाखरू केव्हाच उडून गेले आहे.

पाखराचा गुण पदार्थाला चिकटला तो किमयागारांच्या भट्टीजवळ. सामान्य धातूचे सोने करण्याच्या खटाटोपात असलेल्या या मंडळींना पदार्थांचे दोन ठळक वर्ग दिसत होते. काही पदार्थ आगीवर ठेवले तरी जागचे हलत नसत, त्यांना ते 'स्थिर' म्हणत. आणि काही ऊब लागताच धूर होऊन निघून जात, त्यांना ते 'उडणारे' म्हणत. त्यांच्या चित्रांमध्ये पंख असलेला नाग आणि बिनपंखांचा नाग समोरासमोर काढलेले दिसतात, ते याच जोडीसाठी. नवसागराला तर अरबी आणि लॅटिन अशा दोन्ही परंपरांत 'गरुड' असे सांकेतिक नाव होते.

नवसागराला गरुड का म्हणत असतील, हे ज्यांनी लहानपणी दारावर आलेला कल्हईवाला पाहिला आहे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. भाता मारून तापवलेल्या तांब्यापितळेच्या पातेल्यात तो कथिलाची कांडी फिरवी आणि त्यावर नवसागराची पूड टाकी. त्यासरशी पांढऱ्या धुराचा लोट नाकात झिणझिण्या आणीत अंगणभर पसरे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. ते तापले की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, त्यातला आम्लधर्मी वायू धातूवरचा मळ काढतो, आणि दोन्ही वायू हवेत थंड होताना पुन्हा एकत्र येऊन बारीक पांढरे कण बनतात. पूड एका जागेवरून उठते, हवेत तरंगते आणि दुसऱ्या जागी जाऊन बसते. याला गरुड म्हणणाऱ्या माणसाची नजर वाईट नव्हती.

आपल्याकडच्या रसशास्त्रातही, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधे करण्याच्या विद्येतही, हीच कल्पना आहे, आणि ती तिकडून आलेली नाही म्हणून अधिक मोलाची वाटते. रसशास्त्राचा नायक पारा. तो तापवला की उडतो, हातात धरू जावे तर निसटतो. संस्कृत कोशांत 'चपल' हे पाऱ्याचेही नाव आहे. अशा पाऱ्याला आगीवर टिकण्याजोगा करण्याच्या क्रियेसाठी रसशास्त्राने जो शब्द योजला तो 'पक्षच्छेद', म्हणजे पंख छाटणे. पूर्वी पर्वतांना पंख होते, ते मन मानेल तिथे उडत आणि बसत, मग इंद्राने ते छाटले आणि पर्वत 'अचल' झाले, ही पुराणातली कथा आपल्याला ठाऊक असते. रसवैद्यांनी पाऱ्याच्या बाबतीत तेच काम इंद्राकडून आपल्या हाती घेतले. दोन संस्कृतींतल्या दोन भट्ट्यांपाशी बसलेल्या माणसांना एकच पक्षी दिसावा, यात मला फार आश्चर्य वाटत नाही; उडणारी वस्तू पाहून पक्षी आठवणारच.

इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द 'चटकन वाफ होऊन जाणारे' या अर्थाने रूढ झाला, आणि रसायनशास्त्राने किमयेपासून बाकीचे पुष्कळ टाकून दिले तरी हा शब्द ठेवला. त्यामागचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे. कोणत्याही द्रवातले रेणू एकसारखे हलत असतात आणि एकमेकांना ओढूनही धरत असतात. पृष्ठभागावरचा एखादा रेणू पुरेशा वेगात असला तर तो ही ओढ तोडून हवेत निसटतो. ओढ जितकी दुबळी, तितके निसटणारे रेणू जास्त. बंद बाटलीत मात्र निसटलेले काही रेणू परत द्रवात पडतात, आणि जाणारे व येणारे यांची बरोबरी झाली की वाफेचा जो दाब उरतो त्याला बाष्पदाब म्हणतात. कोणता द्रव किती उडणारा आहे याचे हे खरे माप आहे. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटर उंच स्तंभाच्या दाबाइतका असतो, अल्कोहोलचा सुमारे ५९, आणि नेलपॉलिश काढायला वापरतात त्या ॲसिटोनचा २३० च्या आसपास. ज्या पाऱ्याचे पंख छाटण्यासाठी एवढा खटाटोप झाला त्याचा दाब या तापमानाला एक शतांश मिलिमीटरही भरत नाही. तो उकळतो ३५७ अंशांना. भट्टीपाशी बसलेल्याला तो उडणारा वाटला, खोलीत बसलेल्याला तो जवळजवळ स्थिर वाटेल. एखादी वस्तू व्होलाटाइल आहे असे म्हणताना कोणत्या तापमानाला, हे मनात धरावेच लागते. कापराची गोष्ट आणखी वेगळी, कारण तो न वितळताच घनरूपातून थेट वायू होतो. त्याला शास्त्रीय मराठीत संप्लवन म्हणतात आणि आईच्या मराठीत उडणे.

या गुणावर बडोद्याचा बराच संसार उभा आहे. १९०७ साली इथे स्थापन झालेल्या आणि सुरुवातीला अल्कोहोल व औषधी अर्क तयार करणाऱ्या कारखान्याचे 'अलेम्बिक' हे नावच मुळी ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे आहे. ग्रीकमधून अरबीत 'अल्-अंबीक' झालेले हे भांडे उडणाऱ्या द्रव्याला वर जाऊ देते आणि थंड करून दुसऱ्या बाजूला पकडते. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सोव्हिएत साहाय्याने सुरू झाली, आणि तिथल्या उंच स्तंभांमध्ये चालते तेही तत्त्वतः हेच. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवलेले खनिज तेल स्तंभात सोडले की जे सर्वांत उडणारे ते माथ्यापर्यंत जाते, रॉकेल आणि डिझेल मधल्या मजल्यांवर थांबते, आणि ज्याला उडता येत नाही ते जड तेल तळाशी राहते. सगळा स्तंभ म्हणजे उडण्याच्या ऐपतीप्रमाणे लावलेली उतरंड.

घरातल्या घरात करण्याजोगा एक प्रयोगही सांगतो. कोऱ्या कागदावर एक थेंब तिळाच्या तेलाचा आणि एक निलगिरीच्या तेलाचा टाकावा. काही वेळाने निलगिरीचा डाग नाहीसा होतो, तिळाचा डाग कागदाला कायमचा चिकटतो. औषधशास्त्रात पहिल्या जातीला आजही 'व्होलाटाइल' तेल आणि दुसरीला 'स्थिर' तेल म्हणतात. किमयागारांची ती जुनी जोडी इथे जशीच्या तशी शिल्लक आहे. अत्तर करणारे या दोघांचा संसार लावून देतात. फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवला की चंदन त्याला लवकर उडू देत नाही, म्हणूनच सकाळी कानात ठेवलेला फाया संध्याकाळपर्यंत दरवळतो.

सतराव्या शतकात हा शब्द माणसांना लागू लागला: ज्याचे चित्त एका जागी बसत नाही तो व्होलाटाइल. मराठीला यात नवे काही नाही. 'उडाणटप्पू' या शब्दात तेच पाखरू आहे, 'उडवाउडवीची उत्तरे' देणाऱ्यातही आहे, आणि आपली झोप, रंग, विश्वास, पैसा हे सगळे उडतातच. फरक एवढाच की आजच्या इंग्रजीत असा माणूस चंचल असण्यापेक्षा भडक डोक्याचा अधिक समजला जातो.

बाजाराकडे वळताना मात्र थोडे थांबावे लागते, कारण इथे शब्द नेमका मोजमापाचा झाला आहे आणि तरीही सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. पुष्कळांना 'व्होलाटाइल बाजार' म्हणजे पडणारा बाजार वाटतो. तसे नाही. समजा, एका शेअरचा भाव पाच दिवसांत रोज अनुक्रमे १ टक्का वर, १ खाली, १ वर, १ खाली असा हलला आणि पाचव्या दिवशी जागीच राहिला; दुसऱ्याचा ६ टक्के वर, ५ खाली, ४ वर, ६ खाली आणि १ वर असा हलला. दोघांच्याही रोजच्या बदलांची सरासरी शून्य. परंतु सरासरीपासून ते किती दूर भरकटले हे सांगणारे प्रमाण विचलन काढले तर पहिल्याचे येते सुमारे ०.९ टक्के आणि दुसऱ्याचे ४.८ टक्के. हे प्रमाण विचलन म्हणजेच व्होलाटिलिटी. तिला दिशा नसते, फक्त आकार असतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्के कोसळला, आणि त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात, ७ एप्रिलला, तो एका दिवसात २,४७६ अंकांनी, म्हणजे जवळपास ९ टक्के वर गेला. पहिल्या दिवशी लोकांनी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी पेढे वाटले असतील, पण व्होलाटिलिटीच्या वहीत दोन्ही दिवसांची नोंद एकाच रकान्यात होते.

राष्ट्रीय शेअरबाजाराने २००८ पासून सुरू केलेला 'इंडिया व्हिक्स' हा निर्देशांक झालेल्या हालचालीचा नसून पुढच्या ३० दिवसांत अपेक्षित असलेल्या हालचालीचा असतो, आणि तो निफ्टी या निर्देशांकावरच्या ऑप्शनांच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्कांच्या, किमतींवरून काढतात. तो १५ असेल तर याचा अर्थ वर्षाच्या हिशेबाने १५ टक्क्यांची हालचाल अपेक्षित आहे. महिन्याचा अंदाज हवा असेल तर १५ ला १२ ने न भागता १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने भागावे लागते, आणि उत्तर ४.३ टक्के येते. वर्गमूळ येते कारण बदल दर महिन्याला एकाच दिशेने साचत जात नाहीत, काही एकमेकांना खोडून काढतात. आणि ४.३ ही हमीही नाही. नेहमीच्या गृहीतकांप्रमाणे तीनांपैकी सुमारे दोन वेळा निफ्टी या पट्ट्यात राहील, इतकेच ती संख्या सांगते. मार्च २०२० मध्ये हाच निर्देशांक ८० च्या पुढे गेला होता.

आता आपले दोन प्रश्न विचारून पाहावेत. बाजारात उडते ते काय? भाव म्हणावा, तर तो कापरासारखा नाहीसा होत नाही, वर जातो तसा खालीही येतो. झाकण कोणते, याला तर उत्तरच नाही. माझ्या मते इथे लॅटिन धातूपेक्षा संस्कृतातला 'पत्' धातू अधिक शोभला असता. या एकाच धातूचे उडणे आणि पडणे असे दोन्ही अर्थ आहेत: त्यातून 'पतंग' झाला आणि 'पतन'ही झाले. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी बडोद्याच्या कोणत्याही गच्चीवर उभे राहिले की हे व्याकरण डोळ्यांनी पाहायला मिळते. आमचे गुजराती शेजारी बाजारातल्या या हालचालीला साधेपणाने 'वधघट' म्हणतात, आणि मला तो शब्द कोणत्याही जड पारिभाषिक शब्दापेक्षा नेमका वाटतो.

संगणकात मात्र किल्ली पुन्हा चपखल बसते. ज्या मेमरीतले सारे वीज जाताच नाहीसे होते ती व्होलाटाइल. संगणकाच्या नेहमीच्या रॅममध्ये प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एका इवल्याशा धारित्रातला, म्हणजे कपॅसिटरमधला, विद्युत्भार असतो, आणि तो आपोआप झिरपून जात असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. उडतो तो भार, आणि झाकण म्हणजे चालू असलेली वीज. पेनड्राइव्हमधला भार निरोधक थरांनी वेढून ठेवलेला असतो, म्हणून तो खिशात घेऊन फिरता येतो. याच क्षेत्रात या शब्दाचा एक वेगळाच अर्थही आहे. सी या संगणकभाषेत एखाद्या चलाला 'व्होलाटाइल' म्हटले, तर त्याची किंमत आज्ञावलीच्या बाहेरूनही, एखाद्या यंत्रभागाकडून, न सांगता बदलू शकते आणि म्हणून दर वेळी ती नव्याने वाचावी, अशी ती सूचना असते. इथे काहीच उडत नाही. पक्षी पूर्ण निघून गेला असून केवळ 'बदलणारे' एवढाच अर्थ उरला आहे.

या शब्दाचे खरे नातेवाईक ओळखायचे तर 'व्हॉलीबॉल'कडे पाहावे. त्यातली 'व्हॉली' फ्रेंचमधून आलेली, 'उड्डाण' या अर्थाची आणि याच लॅटिन धातूची. 'व्हॉल्यूम' आणि 'रिव्हॉल्व्हर' मात्र गुंडाळणे-फिरणे या निराळ्या धातूचे, 'व्होल्ट' व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाच्या आडनावाचा, आणि 'व्होल्कॅनो' अग्निदेव व्हल्कनचा. ज्वालामुखीच्या या नावाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळेही कदाचित 'व्होलाटाइल' म्हणजे स्फोटक असे अनेकांना वाटत असेल. वर्तमानपत्रात एखाद्या शहरातली परिस्थिती व्होलाटाइल असल्याची इंग्रजी बातमी मराठीत 'स्फोटक' होऊन उतरते, ती कधी कधी योग्य असते आणि कधी नसते. फरक समजायला पेट्रोलच उपयोगी पडते. पेट्रोल व्होलाटाइल आहे आणि ज्वालाग्राहीही आहे, पण हे दोन स्वतंत्र गुण आहेत. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतो आणि तरी पेटत नाही. उलट तिळाचे तेल सहजी उडत नाही, पण समईत रात्रभर जळते. पेट्रोल इतके धोक्याचे ठरते ते दोन्ही गुण एकत्र आल्यामुळे: जळते ती त्याची वाफ, आणि ती डोळ्यांना न दिसता जमिनीलगत दूरवर पसरलेली असते. तेव्हा एखाद्या गावात नुसती कुजबुज आणि उडत्या बातम्या असतील, तर बातमीदाराने 'अस्थिर' किंवा 'तणावाची' असे लिहावे. 'स्फोटक' हा शब्द ठिणगीही जवळच असल्याची खात्री असेल तेव्हासाठी राखून ठेवावा.